कोकणातल्या मालासाठी ऑनलाइन दुकान: आधी ऑर्डरचा कागद, मग सुविधा, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

देवगड, रत्नागिरी, वेंगुर्ले, दापोलीकडून आंबा, काजूगर, आगळ (कोकमाचा आंबट अर्क), मालवणी मसाला विकणाऱ्यांची वेबसाइट हंगामात कोलमडते, तेव्हा दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. ते चुकीच्या वेळी निवडलेलं असतं. कुणीतरी ओळखीचा सांगतो, ‘आपण शॉपिफायवर करू’ किंवा ‘वूकॉमर्स फुकट आहे’ (दोन्ही ऑनलाइन दुकान उभारायची सॉफ्टवेअरं), आणि काम सुरू होतं. मग एप्रिलमध्ये कळतं की डझनाच्या दोन पेट्या आणि दोन डझनाची एक पेटी यांचा साठा सॉफ्टवेअर वेगवेगळा मोजतंय आणि बागेत नसलेला आंबा विकला गेलाय. हा लेख क्रमाने वाचावा आणि क्रमानेच करावा. सॉफ्टवेअरची निवड आठव्या टप्प्यात येते, त्याआधी कुणाला आगाऊ रक्कम देऊ नये.

## १. एका ऑर्डरचा प्रवास कागदावर लिहा

कोरा कागद घ्या आणि एकच खरी ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून काढा. उदाहरणार्थ: कोथरूडच्या ग्राहकाला २ डझन हापूस हवाय, फळ २५० ते २७५ ग्रॅमचं, घरी पूजा असल्यामुळे २७ एप्रिलला तयार पाहिजे.

आता प्रत्येक पायरीला तीन प्रश्न विचारा: हे कोण करतं, कधी करतं, आणि कशावरून कळतं? पैसे आले हे कुणी पाहिलं? आंबा कोणत्या दिवशी काढायचा हे बागेतल्या माणसाला कसं कळलं? पेटीवर पत्ता हाताने लिहिला की छापून चिकटवला? बस कितीला सुटते? पेटी पोचल्याचं ग्राहकाने सांगितलं की तुम्ही फोन करून विचारलंत? दोन फळं खराब निघाली तर पैसे कोण परत करतं, आणि कशातून?

अशा तीन ऑर्डरी लिहा. एक आंब्याची, एक सुक्या मालाची (काजूगर, आमसुलं, कुळथाचं पीठ) आणि एक बिघडलेली, म्हणजे जिच्यात पेटी उशिरा पोचली किंवा पत्ता चुकला. तिसरी सगळ्यात जास्त शिकवते. वेबसाइट बनवणाऱ्याला सहसा ती कुणी दाखवतच नाही, म्हणून दुकान चांगल्या दिवसांपुरतंच बांधलं जातं.

तपासा: कागदावर ‘मग आम्ही बघतो’ किंवा ‘फोनवर ठरतं’ असं जिथे जिथे लिहिलंय तिथे लाल खूण करा. ऑनलाइन दुकानात नेमक्या त्याच जागी ऑर्डर अडकते.

## २. माल मांडा: वजन, नग आणि प्रत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला पुरते दोन दिवस द्या.

हापूसचा भाव वजनावर ठरतो पण तो मोजला जातो नगावर. समजा वजनाच्या चार प्रती आहेत: २००–२२५, २२५–२५०, २५०–२७५ आणि २७५ ग्रॅमच्या वर. पेट्या तीन: एक, दोन आणि पाच डझन. त्यात ‘कच्चा’ आणि ‘तयार’ असे दोन पर्याय घातले की ४ × ३ × २ म्हणजे २४ जोड्या होतात. प्रत्येकीची किंमत वेगळी, साठा वेगळा. रोज सकाळी २४ आकडे कोण भरणार?

त्यातून मोठं संकट साठ्याचं. २५०–२७५ ग्रॅमचे २४० नग पॅकिंगला तयार आहेत. यातून एक डझनाच्या २० पेट्या होतील किंवा दोन डझनाच्या १०. दोन्हींचा साठा वेगवेगळा भरला तर सॉफ्टवेअर सगळ्या मिळून ४८० नग विकून मोकळं होतं. वूकॉमर्समध्ये साठा मूळ वस्तूच्या पातळीवर एकत्र ठेवता येतो, पण कुठलाही पर्याय विकला गेला की साठ्यातून १ च वजा होतो. १२ किंवा २४ वजा करायला वेगळं प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायचा जादा भाग) लागतं.

सोपा आणि टिकाऊ उपाय असा: विक्रीचं एकक एकच ठेवा, एक डझन. ग्राहकाने संख्या १, २, ५ निवडावी. पेटी किती डझनांची भरायची ते पॅकिंगच्या टेबलावर ठरू द्या. वजनाची प्रत हा एकमेव पर्याय राहतो, २४ जोड्यांच्या जागी ४ उरतात आणि साठा डझनातच मोजला जातो. पाच डझनांना भाव कमी द्यायचा असेल तर संख्येनुसार सवलत लावा, त्यासाठी वेगळी वस्तू करू नका.

‘कच्चा की तयार’ हा पर्याय म्हणून ठेवूच नका. चौदा आणे तयारीचा (जवळपास पूर्ण वाढलेला) आंबा काढून गवतात घातला की तो केव्हा तयार होणार हे काढणीच्या दिवसावर आणि हवेवर ठरतं, वेबसाइटवरच्या बटणावर ठरत नाही. ग्राहकाला ‘खायला कधी हवा’ ही तारीख विचारा आणि ऑर्डरमध्ये ती वेगळ्या रकान्यात येऊ द्या. शेरा लिहायच्या मोकळ्या चौकटीत ती आली तर यादी तारखेप्रमाणे लावता येत नाही.

काजूगराचं गणित वेगळं. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे आकडे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण किती गर बसतात ते सांगतात. आकडा लहान तेवढा गर मोठा. पाकळी आणि तुकडा या प्रती निराळ्या. इथे २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम आणि १ किलो अशी सीलबंद पाकिटं आधीच भरलेली असतात, त्यामुळे प्रत्येक पाकिटाचा साठा स्वतंत्र ठेवलेला चालतो. सुका माल आणि आंबा यांना एकाच साच्यात कोंबू नका.

जपून: ‘देवगड हापूस’, ‘रत्नागिरी हापूस’ ही नावं वस्तूच्या मथळ्यात घालण्याआधी विचार करा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाने विकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या आणि नोंदणीचा तपशील वस्तूच्या पानावर दाखवा.

## ३. पाठवणीचे नियम ठरवा

दुकानात कुठल्या सुविधा हव्यात हे निम्मंअधिक इथे ठरतं. चार गोष्टी लिहून काढा.

पिनकोडचे गट. पिनकोडचे पहिले तीन आकडे पुरतात. ४०० म्हणजे मुंबई, ठाणे, नवी मुंबई, ४०१ वसईकडचा भाग, ४२१ कल्याणकडचा, ४११ पुणे. आंबा कुठल्या गटांना पाठवणार, सुका माल कुठे पाठवणार, कुठे काहीच पाठवणार नाही, हे लिहा. सॉफ्टवेअरला वस्तूच्या वर्गानुसार वेगळे पिनकोड लावता आले पाहिजेत. नाहीतर मे महिन्यात गुवाहाटीच्या पत्त्यावर आंब्याची ऑर्डर येईल, आणि पैसेही आलेले असतील.

वजन. कुरिअर दोन वजनं काढतं आणि जास्त असेल त्याचे पैसे घेतं: प्रत्यक्ष वजन आणि आकाराचं वजन. आकाराच्या वजनासाठी लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. भाजक तुमच्या कुरिअरकडून लेखी घ्या. डझन आंब्याची ३६ × २६ × १२ सेंमीची पेटी आकाराने सव्वादोन किलो भरते. प्रत्यक्षात २६० ग्रॅमची १२ फळं, गवत आणि खोका मिळून साडेतीन किलोच्या वर जाते, म्हणून तिथे खरं वजन लागतं. याउलट फणसाच्या गऱ्यांच्या चिप्स. दोन किलो चिप्स ४० × ३० × ३० च्या खोक्यात गेल्या की हिशेब ७.२ किलोचा होतो. वस्तूच्या नोंदीत लांबी-रुंदी-उंची भरलीच नाही तर हा फरक दर ऑर्डरमागे तुमच्या खिशातून जातो, आणि महिनाअखेरच्या बिलापर्यंत कळतही नाही.

पाठवणीचे वार आणि रोजची मर्यादा. रोज किती पेट्या भरून होतात? ४० होत असतील तर ४१वी ऑर्डर आपोआप पुढच्या तारखेला गेली पाहिजे. रविवारी गोदामात आंबा अडकू नये म्हणून शनिवारची कुरिअर पाठवणी बंद ठेवणं शहाणपणाचं. ‘तारीख निवडा’ ही सुविधा पाहताना तीन गोष्टी विचारा: वार बंद करता येतो का, दिवसाची मर्यादा लावता येते का, आणि ‘दुपारी १२ नंतरची ऑर्डर उद्यात’ असं सांगता येतं का.

उचलण्याची ठिकाणं. रात्रीच्या बसने दादर, बोरिवली, ठाणे किंवा स्वारगेटला पेट्या जात असतील तर ग्राहकाला तिथून उचलायचा पर्याय द्या. प्रत्येक ठिकाणाला स्वतःची वेळ, वार आणि दर हवा. ही सुविधा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ‘दुकानातून घेऊन जा’ अशा नावाने असते, म्हणून ती नजरेतून सुटते.

तपासा: चार पत्ते घ्या: पुणे शहर, मुंबई, पणजी आणि मालवण तालुक्यातली एखादी वाडी. प्रत्येकाला एक डझन आंबा अधिक अर्धा किलो काजूगर यांचं पाठवणीचं भाडं कागदावर काढा. पुढे सॉफ्टवेअरने नेमका तोच आकडा दाखवला पाहिजे.

## ४. पैसे कसे येणार, आणि परत कसे जाणार

आंब्याला घरपोच रोख ठेवू नका. ग्राहकाने पेटी नाकारली तर ती परत येईपर्यंत माल गेलेला असतो. सुक्या मालाला हवं तर ठेवा, पण वस्तूनुसार तो पर्याय बंद करता येतो की नाही हे आधी विचारा.

पेमेंट गेटवे म्हणजे ग्राहकाचे पैसे ऑनलाइन घेऊन तुमच्या खात्यात जमा करणारी सेवा. तिचा खर्च साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा धरा. १,५०० रुपयांच्या ऑर्डरवर ३० अधिक ५.४० म्हणजे ३५.४० रुपये. हंगामात ६०० ऑर्डरी झाल्या तर २१,२४० रुपये. पैसे परत केले तरी हे शुल्क बहुतेक गेटवे परत देत नाहीत. पैसे बँकेत यायलाही साधारण दोन दिवस लागतात. त्यामुळे गवत, खोके आणि मजुरीचे पहिल्या आठवड्याचे पैसे हाताशी ठेवा.

यूपीआयच्या बाबतीत एक बिघाड पुन्हा पुन्हा होतो. ग्राहक पैसे द्यायला यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो, पैसे कापले जातात, पण तो ब्राउझरमध्ये परत येत नाही. दुकानाला पैसे आल्याचं कळायचं तर गेटवेने थेट सर्व्हरला कळवायला हवं. याला वेबहूक म्हणतात. तो जोडलेला नसेल तर ऑर्डर ‘पैसे बाकी’ मध्ये राहते. वूकॉमर्समध्ये अशा ऑर्डरीसाठी साठा मुळात ६० मिनिटं धरून ठेवलेला असतो, नंतर ऑर्डर आपोआप रद्द होते. ग्राहकाकडे पैसे कापल्याचा संदेश, तुमच्याकडे रद्द झालेली ऑर्डर, आणि साठा दुसऱ्याला विकलेला.

तपासा: १ रुपयाची चाचणी वस्तू करा. मोबाइलवरून ऑर्डर द्या, यूपीआयने पैसे भरा आणि ब्राउझर मुद्दाम बंद करा. दोन मिनिटांत ऑर्डरची स्थिती आपोआप बदलली पाहिजे. बदलली नाही तर दुकान उघडू नका.

परतफेडीचा नियम आंब्याच्या स्वभावाप्रमाणे हवा. तयार साच्यांत ‘माल मिळाल्यापासून ४८ तासांत तक्रार करा’ असं असतं. साका, म्हणजे आतला गर बिघडणं, बाहेरून दिसत नाही, तो फळ कापल्यावर कळतो, आणि पेटी पोचल्यावर फळ तयार व्हायला आठवडाही लागू शकतो. ४८ तासांच्या नियमाने प्रामाणिक ग्राहकही फसतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. मुदत तयार होण्याच्या तारखेपासून मोजा, कापलेल्या फळाचा फोटो मागा आणि फळामागे पैसे परत द्या. डझन १,२०० चं असेल तर फळाला १००. त्यासाठी सॉफ्टवेअरला अंशतः परतफेड जमली पाहिजे आणि ती गेटवेमधून थेट ग्राहकाच्या खात्यात गेली पाहिजे.

कार्डाचे आकडे तुमच्या वेबसाइटवर कुठेही साठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दुकानदाराला ते ठेवता येत नाहीत. पैसे भरायचं पान गेटवेचंच असू द्या.

## ५. कर, बिल आणि कायद्याने लागणारा मजकूर

ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. काजूगर, आगळ, आंबापोळी यांवर आहे. म्हणून एकाच बिलात करमुक्त आणि करपात्र वस्तू येणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे बरेच दर बदलले, तेव्हा ज्यांच्या दुकानात सगळ्या वस्तूंना एकच दर लावलेला होता त्यांना एकेक वस्तू उघडावी लागली. दराचे वर्ग करा, वस्तू वर्गाला जोडा, आणि एचएसएन क्रमांकासाठी (जीएसटीत मालाच्या वर्गाचा क्रमांक) वेगळा रकाना ठेवा: आंब्याला ०८०४, काजूला ०८०१.

करपात्र माल महाराष्ट्राबाहेर पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. सावंतवाडीहून पणजी हाकेच्या अंतरावर वाटते, पण कराच्या हिशेबाने ते परराज्य. सॉफ्टवेअरने पत्त्याचं राज्य पाहून महाराष्ट्रातल्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा, आणि बाहेरच्या बिलावर एकच आयजीएसटी दाखवला पाहिजे. नोंदणी नसेल तर करपात्र वस्तूंना महाराष्ट्राबाहेरचे पिनकोड बंद ठेवा.

ऑर्डर क्रमांक म्हणजे बिल क्रमांक नव्हे. रद्द ऑर्डरींमुळे ऑर्डर क्रमांकांत खिंडारं पडतात. बिलाचा क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा आणि १६ चिन्हांच्या आत.

वस्तूच्या पानावर खरेदीआधीच हे दिसलं पाहिजे: सर्व करांसह एमआरपी, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश. खाद्यपदार्थांना एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, तो बिलावरही. तुम्हाला नोंदणी लागते की परवाना, हे मालाच्या प्रकारावर, उलाढालीवर आणि विक्रीच्या पद्धतीवर ठरतं. ते एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर पाहून अर्ज करा, कारण क्रमांकाशिवाय वस्तूची पानं पुरी होत नाहीत.

२०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. संमतीची चौकट आधीच टिक केलेली चालत नाही. संपर्क, अटी, परतफेड, पाठवणी आणि गोपनीयता ही पाच पानं तयार नसतील तर गेटवे खातंच चालू करत नाही. म्हणून ती वेबसाइटच्या सजावटीआधी लिहा.

## ६. मराठी नीट चालतंय का

वेबसाइट बनवणारे हा भाग सहसा तपासत नाहीत, त्यामुळे तो तुम्हालाच तपासावा लागेल.

शोध: ‘हापूस’, ‘हापुस’, रोमन लिपीतलं हापूस आणि ‘अल्फान्सो’ या सगळ्यांनी एकच वस्तू सापडली पाहिजे. ‘आमसूल’, ‘कोकम’, ‘सोलं’ यांचंही तसंच. वस्तूला लपवलेले शोधशब्द जोडायची सोय हवी.

अंक: मराठी कीबोर्ड वापरणारा ग्राहक पिनकोड ४११०३८ असा देवनागरी अंकांत टाकतो. रकान्याने त्याचे इंग्रजी अंक करून घेतले पाहिजेत. तसं न झाल्यास ‘पिनकोड चुकीचा’ असं उत्तर येतं आणि ग्राहक निघून जातो. मोबाइल क्रमांकाचंही हेच.

दुवे: पानाचा पत्ता देवनागरीत ठेवू नका. प्रत्येक देवनागरी चिन्ह दुव्यात ९ चिन्हांचं होतं आणि वर्डप्रेसमध्ये (वूकॉमर्स ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअर) पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे. म्हणजे २२ चिन्हांनंतर नाव तुटतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो दुवा टक्के-चिन्हांची माळ दिसतो. मथळा मराठीत, दुवा रोमन लिपीत.

बिल: पीडीएफ बनवणारी काही प्लगिनं जोडाक्षरं फोडतात. ‘कुळीथ’ बरोबर दिसला म्हणून समाधान मानू नका. ‘रत्नागिरी’, ‘सिंधुदुर्ग’, ‘वेंगुर्ले’, ‘हर्णै’ हे चार शब्द असलेलं बिल काढून पाहा. ‘त्न’ सुटा पडला किंवा रफार पुढच्या अक्षरावर गेला तर दुसरं प्लगिन घ्या.

एसएमएस: मराठी संदेशाला एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मिळतात, इंग्रजीला १६०. शिवाय संदेशाचा मसुदा डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या संदेश-नोंदणी पोर्टलवर) आधी नोंदवावा लागतो. हे काम जानेवारीत करा.

## ७. आता सुविधांची यादी, तीन रकान्यांत

पहिल्या सहा टप्प्यांतून यादी आपोआप तयार झालेली असते. तिचे तीन भाग करा. ‘याशिवाय उघडता येत नाही’: डझनातला साठा, पिनकोडनुसार पाठवणी, तारीख आणि रोजची मर्यादा, वेबहूकसह यूपीआय, अंशतः परतफेड, कराचं बरोबर बिल. ‘हंगामाच्या मध्यापर्यंत हवं’: उचलण्याची ठिकाणं, संख्येवर सवलत, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणीचा संदेश. ‘पुढच्या वर्षी’: गुणांची योजना, भेटकार्डं, मोबाइल अ‍ॅप, चॅटबॉट.

पहिल्या रकान्यात दहाच्या वर ओळी झाल्या तर त्यातलं काहीतरी दुसऱ्यात ढकला. मोबाइल अ‍ॅप कुणी कितीही आग्रहाने सुचवलं तरी पहिल्या वर्षी नको. वर्षातून दोनदा आंबा घेणारा माणूस त्यासाठी फोनमध्ये अ‍ॅप ठेवत नाही.

## ८. सॉफ्टवेअर निवडा

पहिला पर्याय, वेबसाइट नकोच. दिवसाला चार-पाच ऑर्डरी आणि बहुतेक ग्राहक ओळखीचे असतील तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग, यूपीआय आणि एक नीट वही पुरते. त्या पातळीवर वेबसाइटने काम वाढतं.

भाड्याचं दुकान, म्हणजे शॉपिफाय, विक्स किंवा ‘दुकान’ याच नावाची सेवा, यांसारख्या सेवा. सर्व्हर, सुरक्षा, अद्ययावत करणं हे त्यांच्याकडे. घरात संगणक सांभाळणारं कुणी नसेल तर हाच रस्ता धरा. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे लागतो आणि गेटवेच्या शुल्काखेरीज शॉपिफाय योजनेनुसार ऑर्डरच्या रकमेवर स्वतःचं व्यवहार शुल्क घेतं. ते २ टक्के धरलं तर वरच्या ६०० ऑर्डरींवर आणखी १८,००० रुपये होतात. शिवाय एका वस्तूला पर्यायांचे तीनच गट देता येतात. दुसऱ्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे मांडणी केली असेल तर ते पुरतात.

वूकॉमर्स. वर्डप्रेसवर चालतं, मूळ सॉफ्टवेअर मोफत, पण तारखेचं प्लगिन, पिनकोडचं प्लगिन, बिलाचं प्लगिन यांची वार्षिक फी आणि चांगलं होस्टिंग (वेबसाइट ठेवायची इंटरनेटवरची भाड्याची जागा) धरा. पिनकोड, कर, मराठी या बाबतींत हवं तसं वळवता येतं. त्याबदल्यात महिन्याला दोन-तीन तास देखभाल कुणीतरी करायलाच हवी. एक बारीक गोष्ट: वर्डप्रेसची वेळापत्रकाची कामं कुणी पान उघडलं तरच चालतात. रात्री ग्राहक नसले की ऑर्डर रद्द होणं, ईमेल जाणं रखडतं. होस्टिंगवर खरा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारी सोय, लावून घ्या.

ओपनकार्ट, मॅजेंटो. ओपनकार्ट नीट जाणणारा माणूस हाताशी असेल तरच. मॅजेंटो या आकाराच्या धंद्याला अंगावरचं ओझं आहे.

निवड करताना तीन वर्षांचा खर्च मांडा: भाडं किंवा होस्टिंग, प्लगिनं, गेटवे, व्यवहार शुल्क, देखभालीची मजुरी. मग पहिल्या रकान्यातली प्रत्येक ओळ दाखवायला सांगा. ‘होईल’ हे उत्तर धरू नका. चालू दुकानात करून दाखवलं तरच खूण करा.

जपून: डोमेन (वेबसाइटचं नाव), होस्टिंग, गेटवे आणि ईमेल ही चारही खाती तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल अशी उघडा. बनवणाऱ्याला त्यात वेगळा प्रवेश द्या. डोमेन त्याच्या नावावर असेल तर वाद झाल्यावर दुकानाची पाटीच त्याच्याकडे राहते.

## ९. कधी काय करायचं

गणपती उरकले की टप्पा १ ते ७. दसऱ्याच्या सुमारास सॉफ्टवेअर. दिवाळीत फक्त सुका माल विकून पाहा: काजूगर, मसाले, आगळ. चुका झाल्या तरी माल नासत नाही आणि भाडं, कर, बिल सगळं खऱ्या ऑर्डरीवर तपासून होतं. जानेवारीत आंब्याची पानं तयार करा. फोटो दीडशे केबीच्या आत ठेवा, कारण तुमचा ग्राहक लोकलमध्ये उभा राहून एका हाताने पाहत असतो.

शिमग्याआधी शेवटची चाचणी घ्या. दोन फोन घ्या आणि शेवटचा एकच डझन साठ्यात ठेवून दोन्हींवरून एकाच वेळी ऑर्डर द्या. एकालाच मिळाला पाहिजे. न पाठवणारा पिनकोड टाका. मर्यादा २ ठेवून तिसरी ऑर्डर द्या, ती पुढच्या तारखेला गेली पाहिजे. एका फळाचे १०० रुपये परत करा. पणजीचा आणि पुण्याचा पत्ता देऊन दोन बिलं काढा. शेवटी बॅकअपवरून दुकान दुसऱ्या जागी उभं करून पाहा. रोजचा बॅकअप घेतला जातो असं सगळेच सांगतात. तो उघडतो का हे पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असं समजू नका.

शिमगा झाल्यावर प्लगिन अद्ययावत करणं, थीम बदलणं, नवं काही जोडणं बंद. फक्त भाव, साठा आणि तारखा बदलाव्यात. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती आलीच तर आधी दुकानाच्या प्रतीवर लावून, एक ऑर्डर देऊन पाहून मग खऱ्यावर.

जूनमध्ये आंब्याची पानं पुसू नका. पुसली की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे जुने दुवे आणि शोधातली जागा दोन्ही जातात. वस्तू ‘हंगाम संपला’ वर ठेवा, खाली मोबाइल क्रमांक घ्यायची चौकट द्या, आणि डोमेन व होस्टिंगच्या नूतनीकरणाची तारीख एप्रिल-मेमध्ये येत असेल तर एकदाच जास्त मुदत भरून ती सप्टेंबरच्या आसपास नेऊन ठेवा.